जायफळाचा ताळेबंद

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना संयुक्त भांडवली कंपनी शिकवताना इतिहासाचे म्हणून एक वाक्य सांगितले जाते. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली व डचांची १६०२ साली स्थापन झाली आणि तेथून आधुनिक कंपनीची वाटचाल सुरू झाली, असे ते वाक्य. त्यानंतर पूर्णविराम येतो आणि लगेच कंपनीची व्याख्या, तिचे स्वतंत्र अस्तित्व, भागधारकांची मर्यादित जबाबदारी, भागांची हस्तांतरणीयता अशी वैशिष्ट्यांची यादी सुरू होते. परीक्षेत गुण यादीला असतात, म्हणून आपण यादी पाठ करतो. माझी तक्रार त्या पूर्णविरामाविषयी आहे. त्याच्यापुढे जे घडले ते वगळून ही यादी पाठ करणे म्हणजे नफातोटा पत्रकातील फक्त जमेची बाजू वाचण्यासारखे आहे, असे माझे मत आहे. ते या लेखात मांडावयाचे आहे.

आपण राहतो तो भाग गोव्याला लागून. त्यामुळे 'युरोपियन लोक इकडे आले' असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम पोर्तुगीज येतो. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात क्रूस घेतलेला. १५१० साली गोवा जिंकणारा, देवळे पाडणारा, १५६० साली इन्क्विझिशन बसवणारा. हे चित्र खोटे नाही. परंतु त्यावरून आपण नकळत आणखी एक निष्कर्ष काढतो. तो असा की, जुलूम झाला तो धर्मवेडामुळे. बाकीचे डच, इंग्रज बिचारे व्यापारी होते, त्यांना नफ्याशी मतलब, आणि नफा पाहणारा माणूस विनाकारण कोणाच्या वाटेस जात नाही. 'धर्म नको, धंदा बरा' हे वाक्य आपल्याकडे शहाणपणाचे म्हणून बोलले जाते. ते कितपत खरे आहे हे पाहण्यासाठी गोव्याहून फार दूर, आजच्या इंडोनेशियातील बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर जावे लागेल. पण वाट मात्र गोव्यावरूनच जाते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १४९४ या एकाच वर्षी युरोपात दोन गोष्टी घडल्या. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी तोर्देसियास येथे तह करून युरोपाबाहेरचे जग समुद्रातील एका रेषेने आपापसांत वाटून घेतले. त्याच वर्षी व्हेनिसमध्ये लुका पाचोली या धर्मगुरूचा गणितावरील ग्रंथ छापून निघाला. त्यात व्यापाऱ्यांच्या दुहेरी नोंद पद्धतीचे विवेचन होते. प्रत्येक व्यवहाराला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, हा आपला पहिला धडा तेथून जगभर पसरला. पहिली गोष्ट राजांची, दुसरी वाण्यांची. पुढे शंभर वर्षांत या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या, हाच आपला विषय आहे.

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पोपच्या सत्तेला आव्हान दिले आणि युरोप कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन तटांत विभागला. नेदरलँड्समध्ये कॅल्विनचा पंथ मूळ धरू लागला. पण त्या प्रांतांचा राजा होता स्पेनचा दुसरा फिलिप, कट्टर कॅथलिक. धर्माची सक्ती आणि करांचा बोजा यांविरुद्ध तेथे जे बंड पेटले ते १५६८ पासून १६४८ पर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षे चालले. १५८१ मध्ये बंडखोर प्रांतांनी फिलिपचे राजेपद नाकारल्याचा जाहीरनामा काढला. राजा हा प्रजेसाठी असतो, प्रजा राजासाठी नसते. जो राजा प्रजेला गुलामासारखे वागवतो तो जुलमी होय आणि त्याला सोडून देण्याचा प्रजेला अधिकार आहे, असा त्याचा आशय. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती. वाचकांनी हा जाहीरनामा लक्षात ठेवावा. पुढे त्याची आठवण होणार आहे.

याच सुमारास, १५८० मध्ये, पोर्तुगालचे राज्यही फिलिपकडे गेले. डच व्यापारी तोपर्यंत लिस्बनला जाऊन पूर्वेकडचा मसाला खरेदी करीत आणि उत्तर युरोपात विकीत. आता लिस्बन शत्रूच्या हाती गेले. १५८५ मध्ये अँटवर्पही स्पेनने घेतले व तेथील अनेक धनिक व्यापारी आपले भांडवल आणि अनुभव घेऊन उत्तरेला अ‍ॅमस्टरडॅमला आले. पैसा होता, जहाजे होती, शत्रूवर राग होता. नव्हती ती फक्त वाटेची माहिती.

ती माहिती गोव्याने पुरवली. यान हाउखेन व्हान लिन्सकोटेन नावाचा एक तरुण डच १५८३ साली गोव्यास आला आणि तेथील आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून पाच वर्षे राहिला. कारकुनाच्या मेजावरून किती गोष्टी दिसतात हे कारकुनालाच ठाऊक! कोणता माल कोठून येतो, पोर्तुगीजांचे बळ कोठे आणि दुबळेपणा कोठे, समुद्रातील वाटा कोणत्या, हे सारे त्याने टिपून ठेवले आणि मायदेशी परतल्यावर १५९५-९६ मध्ये छापून टाकले. पोर्तुगीजांनी जे ज्ञान गुप्त राखले होते ते पुस्तकाच्या दुकानात विक्रीस आले. १५९५ साली पहिला डच ताफा पूर्वेकडे निघाला. त्यामागून निरनिराळ्या शहरांच्या निरनिराळ्या कंपन्या निघाल्या आणि एकमेकांशीच स्पर्धा करून खरेदीचा भाव चढवू लागल्या. म्हणून २० मार्च १६०२ रोजी डच सरकारने सर्वांना एकत्र करून एकच कंपनी बनवली.

या कंपनीची रचना आजच्या विद्यार्थ्यालाही थक्क करील अशी होती. सहा शहरांत तिची सहा दालने, वर सतरा संचालकांचे मंडळ, भागभांडवल सुमारे चौसष्ट लाख गिल्डर. भाग कोणीही घ्यावा, किमान रकमेची अट नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये दिर्क व्हान ओस या संचालकाच्या घरी नोंदणी झाली, तेव्हा अकराशेहून अधिक लोकांनी नावे घातली. त्यांत बडे सावकार होते तसे कारागीरही होते. खुद्द त्या घरातल्या मोलकरणीनेसुद्धा शंभर गिल्डर भरले! भागधारकाची जोखीम त्याने घातलेल्या रकमेपुरती. भाग दुसऱ्याला विकता येत असे. त्यातूनच अ‍ॅमस्टरडॅमचा शेअर बाजार उभा राहिला. येथपर्यंत सारे आपल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे आहे.

पण सनदेत आणखीही कलमे होती. केप ऑफ गुड होपच्या पूर्वेला आणि मॅगेलनच्या सामुद्रधुनीच्या पश्चिमेला डचांपैकी व्यापाराचा हक्क एकट्या या कंपनीला. शिवाय तिने किल्ले बांधावेत, सैनिक ठेवावेत, सरकारच्या नावाने तिकडील राजांशी तह करावेत. म्हणजे कंपनी जन्माला आली तीच हत्यारबंद. स्पेन-पोर्तुगालविरुद्धचे धर्माचे व स्वातंत्र्याचे युद्ध आशियात नेण्याचे ते एक साधन होते आणि त्या युद्धाचा खर्च लाभांशाच्या आशेने लोकांनी उचलला होता. राजांची गोष्ट आणि वाण्यांची गोष्ट एकाच वहीत आली ती अशी.

आता बांदाकडे वळू. आपण श्रीखंडात, पुरणात जे जायफळ उगाळतो, ज्याला आपले कन्नड मित्र जायिकायि म्हणतात, त्याचे झाड त्या काळी जगात फक्त या बेटांवर वाढत असे. फळ फोडले की आत बी, ते जायफळ; बीवरची लाल जाळी ती जायपत्री. एकाच झाडाचे दोन मोलाचे जिन्नस. बांदाला राजा नव्हता. गावोगावचे 'ओरांग काया' म्हणजे वडीलधारे श्रीमंत लोक मिळून कारभार पाहत. बेटांवर धान्य पुरेसे पिकत नसे. जावा, मलाया वगैरे ठिकाणचे व्यापारी तांदूळ, साबुदाणा आणि कापड आणीत व मसाला नेत. त्या कापडात आपल्या गुजरातचे व कोरोमंडल किनाऱ्याचे कापड मुख्य असे. थोडक्यात, भूक भागवण्यासाठी अनेक गिऱ्हाइके असणे ही बांदाच्या लोकांची गरज होती.

कंपनीला मात्र एकच गिऱ्हाईक हवे होते, ते म्हणजे ती स्वतः. १६०२ मध्ये काही ओरांग काया मंडळींनी डचांशी करार केला की, मसाला फक्त त्यांनाच विकू. मोबदल्यात डच जो माल आणीत तो त्या उष्ण बेटांवर फारसा उपयोगी नसे आणि पोटाला पुरेसे धान्यही ते आणू शकत नसत. लोक पूर्वीप्रमाणे जावाच्या व पुढे इंग्रजांच्या व्यापाऱ्यांनाही विकत राहिले. १६०९ मध्ये डच सेनापती फरहूफ याने संमतीवाचून नेरा बेटावर किल्ला बांधण्यास घेतला, तेव्हा बांदाच्या लोकांनी वाटाघाटीच्या निमित्ताने बोलावून त्याला व त्याच्या साथीदारांना ठार मारले. ही हत्याच होती आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. तिच्यानंतर डचांनी बळाच्या जोरावर नवा करार लिहून घेतला. पुढे बांदाच्या लोकांवर मुख्य आरोप राहिला तो करारभंगाचा.

येथे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने थांबावे. भारतीय करार कायदा, १८७२ आपण अभ्यासतो. संमती मुक्त असली पाहिजे. जबरदस्तीने, अनुचित दाबाने, फसवणुकीने मिळवलेली संमती ही मुक्त संमती नव्हे, हे आपण उदाहरणांसह लिहितो. बंदरात तोफा रोखलेली जहाजे उभी असताना झालेल्या कराराला आपण परीक्षेत किती गुण देऊ? गंमत अशी की १६०९ या त्याच वर्षी ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताचा, समुद्र सर्व राष्ट्रांना खुला आहे आणि व्यापारापासून कोणी कोणाला अडवू शकत नाही, असे प्रतिपादणारा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ लेखन कंपनीची बाजू मांडण्यासाठीच झाले होते. पोर्तुगीजांनी अडवले तर समुद्र खुला. आपण अडवले तर कराराचे पालन!

यान पीटरझोन कून हा या कथेतला प्रमुख माणूस. होर्न गावचा, कॅल्विन पंथाचा, शिस्तीचा, स्वतःही काटकसरीने राहणारा. तो मूळचा लढवय्या नव्हता. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याला रोमला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर धाडण्यात आले होते आणि तेथे तो इटालियन पद्धतीचे, म्हणजे दुहेरी नोंदीचे हिशेब शिकला. कंपनीत तो मुख्य हिशेबनीस झाला, मग गव्हर्नर जनरल. १६१४ च्या एका पत्रात त्याने संचालकांना कळवले होते की, युद्धाशिवाय व्यापार चालत नाही आणि व्यापाराशिवाय युद्ध. १६१९ मध्ये त्याने जकार्ता घेऊन बटाव्हिया वसवले. १६२१ मध्ये दीड हजारांहून अधिक सैनिक घेऊन तो बांदावर उतरला. लोंथोर हे मोठे बेट पडले. चव्वेचाळीस ओरांग काया पकडून किल्ल्यात आणले गेले आणि कंपनीच्या पगारी जपानी तलवारबाजांकडून त्यांचे तुकडे करवण्यात आले. तेथे हजर असलेल्या एका डचानेच हे लिहून ठेवले आहे आणि ते पाहून त्याला स्वतःला शहारे आले होते. बेटांची वस्ती पूर्वी सुमारे पंधरा हजार असावी असा अंदाज केला जातो. मारले गेलेले, उपासमारीने मेलेले, गुलाम करून बटाव्हियाला नेलेले आणि होड्यांतून शेजारच्या बेटांवर पळालेले वजा जाता हजाराच्या आसपास उरले. मग जमिनीचे अडुसष्ट मळे पाडून ते कंपनीच्या जुन्या नोकरांना वाटण्यात आले, मजुरीसाठी बाहेरून गुलाम आणले गेले आणि पीक कंपनीलाच ठरावीक दराने विकण्याची अट घालण्यात आली.

आता तो १५८१ चा जाहीरनामा आठवावा. प्रजेला गुलाम करणारा राजा सोडण्यास योग्य, असे सांगणाऱ्या राष्ट्राने बरोबर चाळीस वर्षांनी हे केले. येथे कोणाला बाप्तिस्मा घेण्यासाठी छळलेले नव्हते. धर्मप्रसार हा या मोहिमेचा हेतू नव्हता. हेतू होता पुरवठ्यावर मक्तेदारी. म्हणून मी म्हणतो की, 'धर्म नको, धंदा बरा' या वाक्यात फार अर्थ नाही. माणसाला माणूस न मानण्याची सोय धर्मवेड करून देते, तशी हिशेबाची वहीही करून देऊ शकते.

या गोष्टीतला मला सर्वांत विचार करावयास लावणारा भाग निराळाच आहे. या हत्याकांडाला जबाबदार कोण? कून म्हणेल, मी मक्तेदारी मिळवण्याचा संचालकांचा हुकूम पाळला. संचालकांनी बातमी ऐकून कठोरपणाबद्दल नापसंती दाखवली, पण बेटे परत केली नाहीत आणि कूनलाच पुन्हा गव्हर्नर जनरल नेमले. संचालक म्हणतील, आम्हाला भागधारकांना उत्तर द्यावे लागते. आणि भागधारक? १६१० मध्ये कंपनीने पहिला लाभांश दिला तो रोख नव्हता, जायपत्रीच्या रूपाने होता. म्हणजे ते रक्त सांडण्यापूर्वी अकरा वर्षे बांदाचा माल अ‍ॅमस्टरडॅमच्या भागधारकांच्या वाट्याला आलेला होता. त्या मोलकरणीने तर आपली कष्टाची शिल्लक गुंतवली होती. तिला आपण खुनी कसे म्हणावे? जबाबदारी वाटत वाटत इतकी पातळ होते की शेवटी कोणाच्याच पदरात पडत नाही. मर्यादित जबाबदारी या शब्दांना आपण पैशापुरता अर्थ देतो. बांदाच्या गोष्टीत तिला दुसरा, फार वाईट अर्थ येतो.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, राजांनीही कत्तली केल्या, मग कंपनीलाच दोष का? दोष राजांनाही आहेच. पण राजाचे नाव तरी इतिहासात आरोपी म्हणून लिहिले जाते, त्याच्याविरुद्ध बंड तरी करता येते. बांदाच्या माणसाने बंड कोणाविरुद्ध करावे? अकराशे भागधारकांविरुद्ध? दुसरा आक्षेप, कंपनीच्या रचनेमुळे सामान्यांची छोटी बचत एकत्र आली, मोठी कामे झाली. हे मला पूर्ण मान्य आहे. आज रेल्वेच्या डब्यापासून औषधाच्या गोळीपर्यंत अनेक गोष्टी त्याच रचनेमुळे आपल्यापर्यंत पोचतात आणि आपल्यापैकी बहुतेकांना उद्या कंपनीतच नोकरी शोधावयाची आहे. म्हणूनच तर ही रचना कोणत्या प्रसंगी कशी वागते हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. तिसरा आक्षेप, हिशेब हे साधन आहे, साधनाला पापपुण्य कसले? साधनाला नसेलही. पण वहीत काय मांडावयाचे आणि काय नाही, हे माणूस ठरवतो. कूनच्या वहीत दारूगोळ्याचा खर्च होता, गुलामांची किंमतही होती. बांदाचा गावगाडा मोडला, त्याला खाते नव्हते.

आपल्याकडे हे ओळखणारा एक माणूस होऊन गेला, याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. वलंदेजांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यास वखार घातली, तिचे अवशेष आजही तेथे उभे आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रावरून कोंडी करण्यास ती जागा त्यांना सोयीची होती. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सावकारांविषयी लिहिताना टोपीकरांचा निराळा विचार केला. सावकार हे राज्याची शोभा आहेत, त्यांना आदराने वागवावे. परंतु फिरंगी, इंग्रज, वलंदेज हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांची राज्ये उभी आहेत, त्यांना व्यापार करू द्यावा पण समुद्रकाठी जागा आणि पक्की इमारत करू देऊ नये, असा त्यांचा सल्ला. अमात्यांनी कंपनी कायदा वाचला नव्हता. तरी व्यापारी आणि हत्यारबंद व्यापारी यांतला भेद त्यांना कळला. आम्ही पदवीधर होणार, आम्हाला तो कळू नये काय?

होर्न गावात कूनचा पुतळा १८९३ पासून उभा आहे. २०११ साली एका क्रेनचा धक्का लागून तो खाली पडला, तेव्हा तो पुन्हा उभारावा की नाही यावरून गावात मोठा वाद झाला. अखेर पुतळा उभारला गेला, पण त्याखालच्या मजकुरात बांदाच्या प्रकरणाचीही नोंद करण्यात आली. वहीची दुसरी बाजू भरण्यास एवढी वर्षे लागली!

माझी सूचना फार मोठी नाही. वाणिज्य शाखेला इतिहासाची आणखी एक प्रश्नपत्रिका जोडा, असे मी म्हणत नाही. प्रश्नपत्रिका वाढल्या की फक्त गाइडे वाढतात. प्राध्यापकांना विनंती एवढीच की, कंपनीचे प्रकरण शिकवताना त्या पूर्णविरामाशी दहा मिनिटे थांबावे आणि १६०२ बरोबर १६२१ हाही आकडा फळ्यावर लिहावा. आणि आपण विद्यार्थ्यांनी, उद्या एखाद्या कचेरीत ताळेबंद जुळवीत बसलो असता, दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या आल्या म्हणून लगेच वही मिटू नये. या नफ्याची झळ ज्याला बसली त्याचे खाते यात आहे काय, एवढा प्रश्न आधी विचारावा. दुहेरी नोंदीचा पहिला नियम तोच आहे. येणे आहे तेथे कोणाचे तरी देणे असतेच.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष